तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत टीव्ही फुकट दिसतो का?

भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी यायचे ठरले, की विम्याच्या चौकशीपाठोपाठ हा प्रश्न येतोच. "आमच्याकडे सगळं इंटरनेटवरच बघतो, पण बाबांना बातम्या लागतात. केबल घ्यावी लागेल का? की नुसता अँटेना लावून भागतं?" नवं घर घेतलेलेही हेच विचारतात, कारण केबलचं पहिलं बिल नुकतंच हातात पडलेलं असतं.

भागतं. अमेरिकेत हवेतून येणारा टीव्ही पूर्ण फुकट आहे. महिन्याचं भाडं नाही, नावनोंदणी नाही. आपल्याकडे एके काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे, तसलंही काही नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही चार मोठी नेटवर्कं, सार्वजनिक पीबीएस, स्पॅनिशमधली युनिव्हिजन आणि टेलेमुंडो, शिवाय जुन्या मालिका आणि जुने सिनेमे दाखवणारी डझनावारी पोटचॅनलं, एवढं सगळं मोठ्या शहराजवळ सहज मिळतं. चित्रही पुष्कळदा केबलपेक्षा स्वच्छ असतं, कारण केबलवाले ते पुन्हा दाबून, म्हणजे कंप्रेस करून, पाठवतात.

काय मिळत नाही तेही आधीच सांगतो. सीएनएन नाही, ईएसपीएन नाही. फॉक्स मिळतं, पण फॉक्स न्यूज नाही. ती दोन वेगळी चॅनलं आहेत. क्रिकेटसाठीचं विलो पैसे भरल्याशिवाय दिसत नाही, आणि मराठी मालिका अँटेनावर शोधू नका, त्या इंटरनेटवरच.

आता खरी गोम. अमेरिकेत दूरदर्शनसारखं देशभर एकच चित्र पाठवणारं केंद्र नाही. सीबीएस किंवा एबीसी हे नेटवर्क झालं, पण हवेतून प्रसारण करायचा परवाना नेटवर्कला मिळत नाही, तो एकेका गावच्या स्टेशनला मिळतो. एफसीसी हे सरकारी खातं तो देतं, आणि स्टेशनला दर तासाला आपलं नाव आणि परवान्यावरचं गाव सांगावं लागतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या स्टेशनांची नावं बहुतेक 'डब्ल्यू'ने सुरू होतात, पश्चिमेकडची 'के'ने. पिट्सबर्गचं केडीकेए पूर्वेला असून 'के'चं आहे, पण ते नाव १९२० सालच्या रेडिओ स्टेशनचं, ही वाटणी होण्याआधीचं. मोजक्या मोठ्या शहरांतली स्टेशनं नेटवर्कच्या मालकीची असतात, बाकीची भलत्याच कंपन्यांची, कराराने जोडलेली. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने अख्ख्या देशाचे असे २१० बाजार पाडलेत. तुम्ही कुठल्या बाजारात राहता यावर तुम्हाला कुठली मॅच दिसेल, कुठल्या हायवेवरची गर्दी दिसेल आणि कुणाच्या निवडणुकीच्या जाहिराती सोसाव्या लागतील, हे ठरतं.

म्हणून "कुठला अँटेना घेऊ?" हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की तुमच्या छपरावरून कुठल्या शहराचे मनोरे किती मैलांवर आणि कुठल्या दिशेला आहेत.

त्यासाठी एफसीसीचा 'डीटीव्ही मॅप्स' नावाचा नकाशा आहे, आणि त्याहून उपयोगी 'रॅबिटइअर्स' नावाची वेबसाइट आहे. नुसता झिपकोड टाकू नका, पूर्ण पत्ता टाका. अँटेना जमिनीपासून किती फुटांवर असेल तेही भरा. दुमजली घराच्या छपरासाठी २५ ते ३०, अपार्टमेंटच्या खिडकीसाठी तिच्या मजल्याची उंची. मग यादी मिळते: स्टेशनचं नाव, टीव्हीवर दिसणारा नंबर, प्रत्यक्ष प्रसारणाचा नंबर, अंतर, दिशा अंशांत, आणि सिग्नलची शिल्लक, म्हणजे चित्र दिसायला लागतो त्याहून तो किती जास्त आहे, डेसिबल या मापात. सिग्नल कुठल्या वाटेने येतो तेही लिहिलेलं असतं. सरळ नजरेच्या रेषेत येणारी स्टेशनं पक्की. एखाद्या टेकडीची कड ओलांडून येणारी जरा नाजूक. वातावरणाच्या मर्जीवर येणारी स्टेशनं मात्र यादीतून तिथेच खोडा. ती उन्हाळ्यातल्या एखाद्या पहाटे दिसतील आणि त्यानंतर महिनाभर तोंड दाखवणार नाहीत.

न्यू जर्सीतलं एडिसन घ्या. मराठी मंडळी भरपूर, आणि जागा नेमकी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधली. ईशान्येला २०-२५ मैलांवर मॅनहॅटन; तिथली प्रसारणं एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या माथ्यावरून होतात. नैर्ऋत्येला ५५-६० मैलांवर फिलाडेल्फियाच्या रॉक्सबरो भागातलं मनोऱ्यांचं रान. दोन्ही दिशा बरोबर एकमेकींच्या विरुद्ध. एडिसनच्या यादीत न्यूयॉर्कची स्टेशनं वर, हिरवीगार, म्हणजे जोरदार दिसतात, आणि तिथेच लोक फसतात, कारण ते फक्त टीव्हीवरचा नंबर वाचतात.

न्यूयॉर्कचं सीबीएस म्हणजे 'चॅनल २'. पण आज ते प्रत्यक्षात ३६ नंबरवरून येतं. एनबीसी म्हणजे 'चॅनल ४', येतं ३५ वरून. एबीसी मात्र 'चॅनल ७' आणि खरोखर ७ वरच. 'चॅनल ११' ११ वरच. पीबीएसचं 'चॅनल १३' १२ वर. हा घोळ कसा झाला? १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांचं जुनं ॲनालॉग प्रसारण बंद झालं आणि सगळं डिजिटल झालं. त्या वेळी बरीच स्टेशनं नव्या फ्रिक्वेन्सीवर गेली, पण पन्नास-साठ वर्षं लोकांच्या तोंडी बसलेला नंबर कोण सोडणार? मग सिग्नलमध्येच 'मला २ म्हणा' अशी चिठ्ठी घालून पाठवायची सोय झाली. पुढे सरकारने ३८ ते ५१ नंबरांची जागा लिलावात मोबाइल कंपन्यांना विकली, आणि २०२० च्या जुलैपर्यंत शेकडो स्टेशनं पुन्हा हलवली. आज टीव्हीला उरलेत फक्त २ ते ३६.

हे ३५ नंबर तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत बसतात. २ ते ६ खालचा व्हीएचएफ, ५४ ते ८८ मेगाहर्ट्झ. ७ ते १३ वरचा व्हीएचएफ, १७४ ते २१६. १४ ते ३६ यूएचएफ, ४७० ते ६०८. अँटेनाच्या काड्या साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या लागतात. हिशेब केला तर ३६ नंबरला २५ सेंटिमीटर पुरतात, ७ नंबरला ८५ सेंटिमीटर लागतात, आणि ६ नंबरला जवळजवळ पावणेदोन मीटर. दुकानात वीस-तीस डॉलरला मिळणारा, खिडकीला चिकटवायचा पातळ चौकोनी अँटेना एवढा मोठा नसतोच. म्हणून तो लावला की सीबीएस आणि एनबीसी लख्ख दिसतात आणि एबीसी गायब. लोक टीव्हीला दोष देतात, हवेला दोष देतात, नवा आणि महागडा पण तसाच पातळ अँटेना आणतात, आणि एबीसी पुन्हा गायबच.

फिलाडेल्फियाची तर आणखी तऱ्हा. तिथलं एबीसी 'चॅनल ६' खरोखरच ६ नंबरवर बसलंय, म्हणजे एफएम रेडिओला अगदी खेटून. त्यासाठी लांब काड्यांचा मोठा अँटेनाच हवा. शिवाय खालच्या व्हीएचएफला घरातली विद्युत कटकट फार बाधते. स्वस्त एलईडी दिवे, फोनचे चार्जर, गॅरेज उघडायची मोटर, यातल्या कशानेही ६ नंबर फुटतो. तो आधी दिसत होता आणि संध्याकाळी दिसेनासा झाला, तर घरातले दिवे एकेक करून बंद करून बघा. चोर बहुधा सापडतो.

अँटेनाच्या बॉक्सवरच्या आकड्यांविषयी मी जरा कडवट आहे. "२५० मैल" वगैरे छापलेलं असतं, ते निव्वळ थाप आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे हजार-दीड हजार फुटी मनोऱ्याचाही सिग्नल ६०-७० मैलांपलीकडे भरवशाने पोचत नाही. अँटेनाला स्वतःचं अंतर नसतं. त्याला पट्टा असतो आणि दिशा असते, एवढंच बघून घ्या.

सरधोपट निवड सांगतो. मनोरे १५ मैलांच्या आत असतील आणि खिडकी त्या बाजूला असेल, तर जुन्या पद्धतीचे दोन दांडे आणि मध्ये एक वर्तुळ असलेला टेबलावरचा अँटेनाही पुरे. वर्तुळ यूएचएफसाठी, दांडे व्हीएचएफसाठी. ७ नंबर हवा असेल तर प्रत्येक दांडा साधारण ४२ सेंटिमीटर लांब करून दोन्ही आडवे पसरा; लोक ते पूर्ण ओढून 'व्ही'सारखे उभे ठेवतात, ते चुकीचं. ६ नंबरला प्रत्येकी ८८ सेंटिमीटर लागतील, बहुतेक दांडे तेवढे लांब होतच नाहीत. १५ ते ४५ मैलांसाठी माळ्यावर किंवा छपरावर माशाच्या काट्यासारखा लांबोडका अँटेना, ज्याच्या वर्णनात वरचा व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही लिहिलेत असा. त्यापलीकडे छप्परच हवं, आणि अंगमेहनतीची तयारी.

एडिसनसारख्या दोन शहरांच्या मधल्या जागेला एक युक्ती चालते. फुलपाखरासारख्या चार जोड्यांचा यूएचएफ अँटेना घ्या आणि त्याच्या पाठीमागची जाळी काढून टाका. जाळी असते ती मागचं अडवून पुढचं वाढवायला. ती काढली की तो पुढून आणि पाठून दोन्हीकडून घेतो. प्रत्येक दिशेची ताकद थोडी घटते, पण फिरवावा लागत नाही. व्हीएचएफसाठी वेगळा छोटा अँटेना लावा आणि दोन्ही वायरी व्हीएचएफ-यूएचएफ जोडणाऱ्या डबीत आणा. साधा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे फाटे करणारी डबी, उलटा लावून दोन अँटेना एकत्र करू नका. साडेतीन डेसिबल तिथेच जातात, आणि एकच स्टेशन दोन वाटांनी किंचित मागेपुढे येऊन स्वतःलाच खोडतं.

डेसिबलचा हिशेब एकदा मनात पक्का बसला की अर्ध्या तक्रारी संपतात. समजा यादीत एखाद्या स्टेशनची शिल्लक १४ डेसिबल आहे. छपरापासून खालपर्यंतची १०० फूट आरजी-६ केबल यूएचएफवर साधारण ५ खाते. घरात चार टीव्ही म्हणून चार फाट्यांचा स्प्लिटर लावलात, तो ७ खातो. उरले २. हिवाळ्यात लावलंत तर दिसेल. मे महिन्यात समोरच्या ओक झाडांना पानं फुटली, की गेलं. डिजिटलमध्ये मधली अवस्था नसते. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणसं ओळखू यायची. इथे सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असला की चित्र निर्दोष; यादीतली शिल्लक मोजतात ती या १५ च्या वरची. त्याच्या जरा खाली उतरला की चौकोन, मग थिजलेलं तोंड, मग काळा पडदा.

बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, लावायचा तो हा केबल-स्प्लिटरचा तोटा भरून काढायला, आणि तोही अँटेनाच्या अगदी जवळ, खांबावरच. खाली टीव्हीजवळ लावलेला बूस्टर वाटेत गोळा झालेला कचराही तेवढाच मोठा करतो. अँटेनाने जे पकडलंच नाही ते बूस्टर कुठून आणणार? आणि मनोरा दहा मैलांवर असेल तर बूस्टर उलट घात करतो: ताकदवान स्टेशनांनी तो गुदमरतो आणि होती ती चॅनलंही जातात. खांबावरच्या बूस्टरला वीज त्याच केबलमधून वर जाते. वीज घालणारा छोटा डबा घरात असतो. तो स्प्लिटरच्या पलीकडे, म्हणजे टीव्हीच्या बाजूला लावला आणि स्प्लिटर वीज सोडणारा नसला, तर बूस्टर उपाशी राहतो. उपाशी बूस्टर सिग्नल वाढवत तर नाहीच, अडवून धरतो. "काल लावला आणि सगळंच बंद पडलं" याचं कारण दहातल्या निम्म्या वेळा हेच.

दुसरं नेहमीचं कारण केबलच्या टोकाशी असतं. घरच्या घरी पिन बसवायची तर वेळ घेऊन बसवा. आरजी-६ च्या टोकाचं बाहेरचं काळं आवरण अर्धा इंच सोला. आतली तारांची जाळी मागे दुमडून आवरणावर पसरा. पांढऱ्या गाभ्याला चिकटलेली चंदेरी पन्नी तशीच राहू द्या. मग टोकाकडचा पाव इंच पांढरा गाभा कापून मधली तांब्याच्या रंगाची तार उघडी करा. सुरी तारेला लागून ओरखडा पडला तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात. ओरखड्यापाशी तार पुढे तुटते. आता पिन सरळ दाबत न्या, पांढरा गाभा पिनीच्या आतल्या तळाशी सपाट दिसेपर्यंत. मधली तार पिनीच्या कडेबाहेर थोडीशी, सव्वा ते साडेतीन मिलिमीटर डोकावायला हवी. आत डोळा लावून बघा: जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकला तर सगळं शॉर्ट. मग दाबयंत्राने एकदाच पूर्ण दाबा. पक्कडीने चिमटलेल्या पिनी घराबाहेर वर्षभरही टिकत नाहीत. पाणी शिरतं, जाळी हिरवी पडते, आणि पावसाच्या दिवशी टीव्ही बिघडतो. बाहेरच्या केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

माळ्यावर अँटेना लावला की ऊन-पाऊस टळतो, पण छपराच्या आतून चंदेरी पन्नी मारलेली असेल तर विसरा. ती पन्नी उष्णता अडवते आणि टीव्हीही. गिलाव्याखाली लोखंडी जाळी असलेल्या भिंती आणि धातूचा लेप दिलेल्या आधुनिक काचा यांचीही तीच गत.

छपरावर लावणार असाल तर अर्थिंग टाळू नका. खांबापासून १० गेजची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, घराच्या मुख्य अर्थिंगपर्यंत. केबलवरही घरात शिरण्याच्या जागी अर्थिंगचा ठोकळा. वेगळी सळई जमिनीत ठोकलीत तर ती घराच्या अर्थिंगला ६ गेजच्या तारेने जोडावीच लागते; नाहीतर दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या टीव्हीतून वाट काढतो. थेट पडलेल्या विजेपासून यातलं काही वाचवत नाही. वाऱ्याने आणि कोरड्या बर्फाने साठणारा विद्युतभार उतरवायला आणि आसपास कोसळलेल्या विजेचा धक्का कमी करायला ते असतं. आणि खांब पडला तर कुठल्याही बाजूने विजेच्या तारांना लागणार नाही, एवढं मोजून मगच उभा करा. शिडीवर एकट्याने चढू नका.

"सोसायटीवाले परवानगी देत नाहीत" ही तक्रार इथेही आहे, फक्त सोसायटीला इथे एचओए म्हणतात, म्हणजे घरमालकांची संघटना. यात कायदा तुमच्या बाजूचा आहे. एफसीसीचा १९९६ चा नियम असा, की तुमच्या मालकीच्या किंवा भाड्याच्या, आणि केवळ तुमच्याच वापरातल्या जागेत टीव्हीचा अँटेना लावायला एचओए किंवा घरमालक मनाई करू शकत नाही. भाडेकरूची बाल्कनी यात येते. सगळ्यांचं सामायिक छप्पर, सामायिक भिंत येत नाही. छपराच्या वर १२ फुटांहून उंच खांब असेल तर परवाना मागता येतो, आणि सुरक्षेचे वाजवी नियमही लावता येतात. नकाराचं पत्र आलं तर भांडू नका, नियमाचा उल्लेख करून दोन ओळी लेखी पाठवा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर मिटतं.

जोडणी झाली की टीव्हीच्या सेटिंगमध्ये चॅनल शोधायला लावायचं. तिथे 'अँटेना' किंवा 'एअर' निवडा. 'केबल' निवडलं गेलं तर तो भलत्याच फ्रिक्वेन्सी चाळत बसतो आणि शेवटी शून्य चॅनल सांगतो. अँटेना हलवला की दरवेळी पुन्हा शोधावं लागतं, आणि बऱ्याच टीव्हींवर नवा शोध जुनी यादी पुसतो. म्हणून आधी एखादं अशक्त चॅनल लावून सिग्नलचा पट्टा उघडा, त्याकडे बघत अँटेना हातभर इकडे-तिकडे सरकवा, आणि जागा पक्की झाल्यावरच शोध घ्या. एक फूट सरकवल्याने फरक पडतो, कारण इमारतींवर आदळून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे खोडतात, कुठे साथ देतात. मोबाइलचा टॉवर अगदी जवळ असेल तर ६०८ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा फिल्टर बूस्टरच्या आधी लावा. तिथल्या जागा आता ६१७ पासून पुढे फोनच्या आहेत.

आईबाबांसाठी दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक दिवस बाबा म्हणतील, टीव्ही अचानक स्पॅनिश बोलायला लागला, किंवा कुणीतरी बाई मध्येमध्ये "तो दार उघडतो" असं सांगत राहते. बिघाड नाही, रिमोटवरचं आवाजाच्या भाषेचं बटण दाबलं गेलंय. तेच बटण पुन्हा दाबत गेलं की इंग्रजी परत येतं. दुसरं, 'सीसी'चं बटण दाखवून ठेवा. खाली अक्षरं दिसली की अमेरिकन उच्चार निम्मे सोपे होतात. नेटवर्कच्या राष्ट्रीय बातम्या पूर्वेकडे बहुतेक ठिकाणी संध्याकाळी साडेसहाला, त्याआधी तासभर किंवा अधिक गावच्या बातम्या. मध्ये औषधांच्या जाहिराती, दुष्परिणामांच्या घडाघडा वाचलेल्या यादीसकट. डॉक्टरच्या चिठ्ठीच्या औषधाची अशी थेट जाहिरात अमेरिका आणि न्यूझीलंड सोडलं तर जवळजवळ कुठे चालत नाही, म्हणून बाबा चकित होणारच.

अमेरिकन फुटबॉल आवडत असेल तर अँटेनासारखी वसुली नाही. एनएफएल या लीगच्या रविवार दुपारच्या मॅचेस सीबीएस आणि फॉक्सवर, रात्रीची एनबीसीवर. एखादी मॅच केबल किंवा स्ट्रीमिंगला विकलेली असली तरी खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या गावांत ती एखाद्या हवेतल्या स्टेशनवर दाखवावी लागते, असा लीगचा नियम आहे. सुपर बोल हा अंतिम सामना दरवर्षी मोठ्या नेटवर्कांपैकी कुणाकडे तरी, म्हणजे फुकटच. एडिसनवाल्यांनी दोन्ही दिशा साधल्या तर न्यूयॉर्कचे जायंट्स आणि जेट्स, फिलाडेल्फियाचा ईगल्स, तिन्ही संघ घरबसल्या.

मग केबलच्या बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' म्हणून वेगळी रक्कम का असते, असं पुढचं विचारलं जातं. हीच फुकट स्टेशनं केबलवाल्याने दाखवायची तर त्याला स्टेशनची परवानगी लागते, आणि १९९२ च्या कायद्यापासून स्टेशन त्याचे पैसे मागू शकतं. करार फिसकटला की ऐन मोसमात चॅनल केबलवरून गायब होतं, आणि पडद्याखालच्या पट्टीवर दोघं एकमेकांवर खापर फोडतात. त्या वेळीही अँटेनावर ते सुरळीत चालू असतं. हे पैसे टाळायला एरिओ नावाच्या कंपनीने हजारो नखाएवढे अँटेना लावून प्रत्येक ग्राहकाला एकेक भाड्याने द्यायची शक्कल काढली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंद पाडली. स्वतःच्या छपरावरचा अँटेना मात्र तुमचाच.

वादळी भागात राहत असाल, ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस वगैरे, तर टीव्हीवर भिस्त ठेवू नका. वीज गेली की तो गेला. तीस-चाळीस डॉलरचा हवामान रेडिओ घ्या. सरकारी हवामान खातं १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास बोलत असतं. रेडिओत तुमच्या काउंटीचा सहा आकडी कोड भरला की फक्त तुमच्या काउंटीच्या इशाऱ्याला तो रात्री दोन वाजताही किंचाळतो. बॅटऱ्या घाला आणि खोलीच्या खिडकीपाशी ठेवा. 'वॉच' म्हणजे टॉर्नेडो होऊ शकतो, 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर आलाय, तळघरात चला.

'नेक्स्टजेन टीव्ही' या हवेतल्या प्रसारणाच्या नव्या पद्धतीसाठी नवा टीव्ही घ्यावा का? माझं मत: नुसतं तेवढ्यासाठी नको. एफसीसीने २०१७ मध्ये या नव्या पद्धतीला ऐच्छिक मान्यता दिली. ती जुन्या ट्यूनरवर, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या टीव्हीतल्या भागावर, दिसत नाही, आणि बऱ्याच स्टेशनांनी तिच्यावर कुलूप घातल्यामुळे कित्येक स्वतंत्र ट्यूनर असूनही बघता येत नाही. एलजीने तर पेटंटच्या वादानंतर २०२४ च्या टीव्हींमधून हा ट्यूनरच काढला. अँटेना आणि त्याची वायर दोन्ही पद्धतींना तीच चालतात, तेव्हा तिथे खर्च केलेला पैसा वाया जात नाही. टीव्ही घेताना मात्र खोक्यावर ट्यूनर लिहिलाय याची खात्री करा. 'डिस्प्ले' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पडद्यांमध्ये तो नसतोच.

आणि परत जाताना हा टीव्ही भारतात न्यावा का, हेही विचारता म्हणून. त्यातला ट्यूनर अमेरिकन पद्धतीचा, तिथे त्याचा उपयोग शून्य. पडदा म्हणून एचडीएमआयला सेट टॉप बॉक्स जोडून चालेल, पण आधी मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं १२० असेल तर इथेच विकून टाका.